महानगरात बिऱ्हाड कोठे करावे?

आपल्या नांदेड-लातूरकडे वसंत ऋतू हा जसा व्याख्यानांचा, तसाच बिऱ्हाडे हलविण्याचाही ऋतू आहे. परीक्षा आटोपलेल्या असतात, नेमणुकीची पत्रे हाती पडलेली असतात, आणि जूनच्या आत पुण्यास किंवा मुंबईस कोठे तरी संसार मांडावयाचा असतो. मग घरोघरी एकच प्रश्न निघतो : जागा कोठे पाहावी? उत्तरे देणारांची वाण कधीच नसते. मेहुणे सांगतात, 'आमच्या समोरचाच फ्लॅट रिकामा होतोय, या तिकडेच.' मित्र म्हणतो, 'अजून थोडं पुढं जा, निम्म्या पैशात मिळेल.' एजंटाजवळ तर प्रत्येक जागा स्टेशनापासून दहाच मिनिटांवर असते; कोणाच्या पायांनी दहा मिनिटे, हे तो सांगत नाही. या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट समान आहे. सर्व जण घराबद्दल बोलतात. त्या घरात जो दिवस काढावयाचा, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्हांस वाटते की माप घ्यावयाचे ते दिवसाचे. मिळवत्या माणसाच्या दिवसाचे तर घ्यावेच, पण ज्याला त्या चार भिंतींत सर्वांत जास्त तास काढावयाचे आहेत त्याच्या दिवसाचे आधी घ्यावे.

आपल्या वाडवडिलांपुढे हा प्रश्न इतका बिकट नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि आपले महानगर म्हणजे हैदराबाद. नांदेडची गाडी थेट काचीगुड्याला जाई. वकिली शिकणारा, कचेरीत चिकटणारा, दुकानात मुनीम राहणारा मराठी माणूस काचीगुड्यावर उतरला की तेथून पायी जाता येईल अशा सुलतान बाजाराच्या बाजूस खोली घेई. मुलांस विवेकवर्धिनी ही १९०७ पासूनची मराठी शाळा जवळच होती. लातूरचे तोंड मात्र दुसरीकडे वळले. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातुरास पोहोचली आणि तिने लातूरच्या आडत बाजारास कुर्डुवाडीच्या वाटेने पुण्या-मुंबईच्या थोरल्या रुळांशी जोडून दिले. पुढे १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, राजधानी बदलली. पण नांदेडकरांस मुंबईला जावयाचे तर मनमाडला गाडी बदलणे नव्वदीच्या दशकापर्यंत चुकले नाही. माणूस आधी रुळाच्या मागे जातो आणि मग राजधानीच्या.

स्टेशनावर उतरलेला माणूस फार लांब जात नाही, हा अनुभव आजही खरा आहे. फक्त स्टेशनाची जागा ट्रॅव्हल्सच्या थांब्याने घेतली आहे. लातूरहून बार्शी-टेंभुर्णीमार्गे रात्रीची गाडी सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरते आणि पहाटे हडपसरला माणसे उतरविते. अहिल्यानगरच्या बाजूने आलेली गाडी आधी वाघोली आणि खराडी दाखविते. म्हणून हडपसर, मांजरी, वाघोली या भागांत आपल्या बोलीचे माणूस हटकून भेटते. आणि कारखान्यांच्या ओढीने गेलेले भोसरी, चिखली, पिंपरी-चिंचवडकडे भेटतात. (सिंहगड रस्त्यावर नांदेड नावाचे एक गावच आहे, आणि त्याच्या नावाने मोठी वसाहतही उभी आहे. तिचा आपल्या नांदेडशी संबंध नाही, हे पाहुण्यांस प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते.) ज्या रस्त्याने आलो त्याच्या तोंडाशीच राहावयाचे, यात शहाणपण नाही असे मुळीच नाही. गावाकडून ज्वारीचे पोते आले तर उतरवून घेण्यास माणूस असतो, आजारपणात शेजारी धावून येतो, आणि शनिवारी रात्री गाडीत बसून रविवारी सकाळी गाव गाठता येते. पण गावाला वर्षातून सहा-आठ वेळा जावयाचे असते आणि कामाला तीनशे वेळा. ज्याची नोकरी हिंजवडीत आहे त्याने मेहुण्यांसाठी मांजरीत राहावे, तर तो रोज सबंध पुणे शहर आडवे ओलांडतो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

येथे थोडा हिशेब करू. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत दीड तास लागतो असे धरा. दार ते दार असेच मोजावे. रिक्षाची वाट, फलाटावरचा खोळंबा, इमारतीची लिफ्ट, सारे त्यात आले पाहिजे. जाऊन-येऊन तीन तास. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर ७५ तास, वर्षाचे ९०० तास. म्हणजे सदतीस-साडेसदतीस अहोरात्र. वर्षातला सव्वा महिना माणूस ना घरी ना कामावर, वाटेतच राहतो. समजा त्याचा पगार ४० हजार आहे आणि तो महिन्याला २०० तास काम करतो. त्याच्या तासाचे मोल २०० रुपये झाले, आणि वाटेतल्या ७५ तासांचे १५ हजार. लांब राहून त्याचे भाडे ६ हजारांनी वाचत असेल, तर हा सौदा कोणाच्या फायद्याचा? कोणी म्हणेल, वाचलेला तास कोणी पगारात धरून देत नाही. खरे आहे. तो तास मुलाच्या गृहपाठास मिळेल किंवा नुसता झोपेत जाईल. पण त्याची काही तरी किंमत आहे, आणि जागा पाहताना ती शून्य धरली जाते, एवढेच आमचे म्हणणे.

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली एक निरीक्षण मांडले : पायी चालणाऱ्या जुन्या गावांपासून मोटारींच्या शहरांपर्यंत, माणूस सरासरीने दिवसाला तासभरच प्रवासात घालवितो, वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवीत नाही, आणखी लांब राहावयास जातो. आपल्या खेड्यांतही शिवार घरापासून अर्ध्या तासाच्या चालीपलीकडे क्वचितच असते. त्याहून लांब असले की लोक शेतातच आखाडा बांधून राहतात. गिरणगावातले कामगारही गिरणीचा भोंगा ऐकू येईल अशाच चाळींत राहात. खोली दहा बाय सोळाची असली तरी चालत जाऊन पाळी गाठता येई. आज तीन-तीन तासांचा प्रवास आपण मुकाट्याने सोसतो, तो शरीराच्या जुन्या सवयीविरुद्ध आहे आणि शरीर त्याची वसुली करतेच.

नवरा-बायको दोघेही नोकरी करीत असतील तर प्रश्न आणखी अवघड होतो. तो हिंजवडीस, ती मगरपट्ट्यास. अशा वेळी बहुतेक जण दोन्ही ठिकाणांच्या मधोमध घर पाहतात आणि न्याय केल्याचे समाधान मानतात. आमच्या मते हा खोटा न्याय आहे. मधोमध म्हणजे शहराचा सर्वांत दाटीचा आणि महाग भाग. तेथून दोघेही गर्दीतच निघतात आणि गर्दीतच परततात. त्यापेक्षा, मूल शाळेत पडले किंवा तापाने फणफणले तर ज्याला धावत यावे लागणार आहे, त्याच्या कामाजवळ घर असावे. आपल्याकडे ते काम बहुधा आईवरच येते, मग ती कितीही पगार मिळवीत असो. हे बरे की वाईट, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण जागा निवडताना तिची वाट आधी मोजली जावी. व्यवहारात मात्र नवऱ्याच्या कचेरीजवळ घर घेतात आणि मग तिची नोकरी सुटते. 'तिलाच जमलं नाही' असे आपण म्हणतो; खरे पाहता जागाच तशी निवडलेली असते.

मुंबईचे गणित पुण्याहून निराळे आहे. पुण्यात रस्ता पाहावा लागतो, मुंबईत लाइन. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ते अंतर ३४ किलोमीटरांचे. आज मुंबईत नोकरी धरलेला मराठवाड्याचा तरुण ठाण्यात घर घेऊ शकेल असे क्वचितच. तो डोंबिवलीस, कल्याणास, अंबरनाथ-बदलापुरास जातो. डोंबिवली मुंबईपासून ४८ किलोमीटर, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८. पण तेथे किलोमीटर सर्व काही सांगत नाहीत. आपल्या स्टेशनात फास्ट गाडी थांबते काय? तेथून सुटणाऱ्या लोकल किती? ज्या स्टेशनातून गाडी सुटते तेथे बसावयास जागा मिळते. अलीकडच्या, मुंबईला जवळ असलेल्या स्टेशनात तीच गाडी भरून येते आणि आत शिरणेही मुष्किल होते. म्हणून बदलापूरचा माणूस कधी कधी दिव्याच्या माणसाहून ताजातवाना कचेरीत पोहोचतो. पुष्कळ जण तर उलट दिशेने एक-दोन स्टेशने मागे जाऊन, बसूनच परत येतात. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लोंबकळणारे प्रवासी चालत्या लोकलमधून पडले आणि त्यांत माणसे दगावली. घरभाड्याच्या हिशेबात ही गोष्ट कोठेच लिहिलेली नसते.

आणि लाइन एकदा धरली की नोकरीही त्या लाइनीवरचीच शोधावी लागते. मध्य रेल्वेवर घर आणि पश्चिम रेल्वेवर काम असेल तर दादरचा पूल रोज चढावा लागतो. ठाण्यासारख्या, दोन वाटा फुटणाऱ्या स्टेशनाचे मोल यासाठीच अधिक. तेथून २००४ पासून नवी मुंबईकडेही लोकल जाते. नोकरी पालटली तरी घर पालटावे लागत नाही. पुण्यात मेट्रोचे पहिले मार्ग ६ मार्च २०२२ ला सुरू झाले; पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी असे ते आता धावतात. एजंट मात्र पुढे होणाऱ्या मार्गांचेही नकाशे दाखवितो. जो मार्ग आज धावतो त्याचीच किंमत द्यावी. कागदावरच्या मेट्रोत बसून कोणी कामावर गेलेला नाही.

आता पाण्याकडे वळू, कारण या बाबतीत आपल्याला कोणी शिकवावे अशी आपली परिस्थिती नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आले. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. जे त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभे होते, त्यांनीच पुण्याच्या कडेला लाखो रुपये देऊन असे घर घ्यावे की जेथे नळाला महापालिकेचे पाणीच नाही, याचे आम्हांस फार आश्चर्य वाटते. ३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे आणि ते दुसरे नांदेडही त्यांत होते. पण हद्द एका दिवसात वाढते, नळ वाढण्यास वर्षे लागतात. अशा ठिकाणी सोसायटी बोअरवर आणि टँकरवर चालते, आणि टँकरचा खर्च महिन्याच्या देखभाल वर्गणीत येऊन बसतो. म्हणून विकणाऱ्यास विचारू नये. वॉचमनला विचारावे की मे महिन्यात रोज किती टँकर येतात. शक्य तर सोसायटीच्या गेल्या वर्षाच्या जमाखर्चात पाण्याचा आकडा पाहून घ्यावा. विकणारा म्हणतो 'चोवीस तास पाणी', आणि ते खोटेही नसते. ते कोठून येते एवढेच तो सांगत नाही.

पाणी नसल्याची चौकशी करावी तशी फार असल्याचीही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात हाहाकार झाला, तो जुन्या लोकांस आठवतो. त्यानंतर नदीकाठ रिकामा राहील असे वाटले होते. पण २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सुटले तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत ते शिरलेच. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लातूरला सबंध पावसाळ्यातही पुष्कळदा इतका पडत नाही. नदीची निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खाते ठरविते आणि विकास आराखड्यात ती पाहावयास मिळते. गोदाकाठच्या नांदेडकरांस तिचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण ते काम वकिलाचे आहे. गुंठेवारीच्या प्लॉटांनी आपल्याकडे किती जणांस पोळले आहे हे आपण जाणतोच. शहराच्या कडेची स्वस्त घरेही पुष्कळदा त्याच जातीची असतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याची बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली. १ मे २०१७ पासून महारेरा आहे. घराचे क्षेत्र चटईक्षेत्रावरच सांगावे लागते, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरास किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण नुसत्या महारेराच्या क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून ती नोंदणीदेखील मिळविली होती, आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घरे घेणारे कर्जाचे हप्ते भरीत राहिले. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र खरे आहे काय, हे महापालिकेच्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे. एक दिवस मोडतो, पण मोडू द्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच केला तिच्याकडे येतो. आपल्याकडे महानगरातले घर बहुतेक वेळा गावची जमीन विकून होते. ४० लाखांच्या फ्लॅटवर बँक साधारणतः ८० टक्के कर्ज देते. उरलेले ८ लाख, सात टक्क्यांच्या आसपास मुद्रांक शुल्काचे २ लाख ८० हजार (घर स्त्रीच्या नावावर असल्यास एक टक्का सवलत मिळते), नोंदणीचे ३० हजार, असे ११ लाखांवर रोख उभे करावे लागतात. मुलाजवळ ते नसतात. मग वडील औशाकडची किंवा मुखेडकडची दोन एकर काढतात. जमीन गेली ती परत येत नाही. आणि फ्लॅट चुकीच्या जागी निघाला तर त्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत हप्ते थांबत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येकाला एकच आग्रह करतो की पहिले वर्ष भाड्याने राहा. अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा, तो नोंदवून घ्यावा. १९९९ च्या कायद्याने ती नोंदणी घरमालकाचीच जबाबदारी आहे. 'भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. पण त्या एका वर्षात एक उन्हाळा दिसतो, एक पावसाळा दिसतो, शाळेची बस किती वाजता येते ते दिसते, नोकरी टिकते की नाही तेही दिसते. दोन एकरांच्या मानाने ही माहिती महाग नाही.

शाळेचा विषय निघाला म्हणून एक गंमत सांगतो. आपण पुण्याकडे धावत असता, बाहेरच्या जिल्ह्यांतली कुटुंबे लातुरास खोली घेऊन राहतात. अकरावी-बारावीची दोन वर्षे आई मुलाजवळ, बाप गावी. पुण्यास स्थायिक झालेल्या काही लातूरकरांनी आपली मुले याच दोन वर्षांसाठी आजोळी परत पाठविल्याचे आम्ही पाहिले आहे. तेव्हा लहान मुलांच्या शाळेसाठी घरापासून चालत जाण्याचे अंतर पाहावे; पुढच्या मोठ्या शिक्षणाच्या भीतीने आजच महागड्या भागात घर घेण्याची घाई नसावी.

राहता राहिले म्हातारे माणूस. आमच्या परिचयातले लातूर तालुक्यातले एक गृहस्थ मुलासाठी जमीन विकावयास निघाले होते. विसार घेण्याआधी ते पत्नीसह पुण्यास जाऊन त्या फ्लॅटजवळ, भाचीच्या घरी, आठ दिवस राहिले. अकराव्या मजल्यावरचे घर. हवा उत्तम, खिडकीतून डोंगर दिसे. मुलगा-सून सकाळी साडेसातला जात ते रात्री नऊला येत. परतल्यावर आम्ही विचारले, 'काय तात्या, कशी काय जागा?' ते म्हणाले, 'जागा चांगलीच हाय हो. पर आठ दिवसांत हिच्याशी बोललं कोन? दुधवाला. त्यो बी पिशवी दाराला अडकवून जातो.' त्यांनी पुन्हा जाऊन सहा महिने चौकशी केली. सुनेच्या कामापासून वीस मिनिटांवर, जुन्या तीन मजली सोसायटीत, तळमजल्याचे घर भाड्याने मिळाले. खोल्या लहान, पण मारुतीचे देऊळ समोर, भाजीवाली दारात, आणि शेजारच्या आजी उदगीरच्या. जमीन अजून विकलेली नाही. यंदा तिच्यात सोयाबीन आहे, आणि काढणीला मुलगा चार दिवसांची रजा काढून येणार आहे.